शस्त्रक्रिया एक, निकाल अनेक

रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरावयास येणाऱ्यांच्या गप्पांत राजकारण, उसाचा दर आणि कुस्ती यांच्या जोडीने अलीकडे आणखी एका विषयाची भर पडली आहे. अमक्याने पुण्यास जाऊन पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली व वर्षभरात त्याचे चाळीस किलो वजन उतरले. तमक्याने तीच शस्त्रक्रिया करून घेतली, तेवढेच पैसे मोजले, परंतु त्याचा काटा वीस किलोंवरच अडला. या दोन्ही वार्ता एका दमात सांगितल्या जातात आणि त्यांवरचा निष्कर्षही ठरलेला असतो. पहिला निग्रही आणि दुसरा जिभेचा गुलाम! "एवढं ऑपरेशन करून घेतलंसा, आणि उतरलं किती?" हा प्रश्न कोल्हापुरी मोकळेपणाने, बहुधा कोणताही दुष्ट हेतू न बाळगता विचारला जातो. परंतु ज्याला तो ऐकावा लागतो त्याच्या मनात तो घर करून राहतो. असा माणूस हळूहळू रंकाळ्याकडे फिरकेनासा होतो. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, कालांतराने तो डॉक्टरांकडेही फिरकेनासा होतो.

प्रश्नाचे गांभीर्य या शेवटच्या वाक्यात आहे. एका शस्त्रक्रियेचे दोन माणसांवर दोन परिणाम का व्हावेत, हा केवळ वैद्यकशास्त्रातील कुतूहलाचा विषय नाही. त्याचे उत्तर समाज चुकीचे देतो आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला आपल्या प्रकृतीने चुकवावी लागते.

लठ्ठपणावरील या शस्त्रक्रियेस वैद्यकीय परिभाषेत 'बॅरिॲट्रिक' शस्त्रक्रिया म्हणतात. महाराष्ट्रातील सामान्य वाचकांपैकी अनेकांच्या कानी हा शब्द पडला तो सप्टेंबर २०११ मध्ये, भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली तेव्हा. पुढे २०१७ साली इजिप्तमधील इमान अहमद या महिलेस उपचारांसाठी विमानाने मुंबईस आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले होते. शस्त्रक्रियेनंतर ते नेमके किती उतरले यावरून तिची बहीण आणि उपचार करणारे डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीस हलविण्यात आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिचे तेथे निधन झाले. त्या वादात कोणाचे म्हणणे बरोबर होते, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. परंतु एका अतिशय गुंतागुंतीच्या आजाराचा सारा हिशेब किलोंच्या एका आकड्यात मांडावयाचा, ही आपली सवय त्या प्रकरणात उघडी पडली. ती सवय अद्याप गेलेली नाही.

पोटात नेमके काय बदलते?

या शस्त्रक्रियेचे आज प्रामुख्याने दोन प्रकार प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकला जातो व उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडली जाते. अन्न मग उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते.

पोट लहान झाले, म्हणून माणूस कमी खातो आणि म्हणून बारीक होतो, ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. जठर आणि आतडी म्हणजे केवळ अन्नाचे कोठार नव्हे. भूक आणि तृप्ती यांचे निरोप मेंदूकडे पाठविणारी अनेक संप्रेरके तेथेच तयार होतात. भूक चेतविणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात निर्माण होते, आणि 'स्लीव्ह'मध्ये नेमका तोच भाग काढला जातो. 'बायपास'नंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तृप्तीचा निरोप देणारी 'जीएलपी-१'सारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया पोटाचे माप जितके बदलते, तितकाच पोट आणि मेंदू यांच्यातील निरोपांचा व्यवहारही बदलते. माप सर्वांचे जवळपास सारखे करता येते. निरोपांचा व्यवहार मात्र प्रत्येक देहात आपल्या पद्धतीने बदलतो. निकालांतील तफावतीचे एक मूळ येथे आहे.

ही तफावत किती असते? अमेरिकेतील दहा रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,५०० रुग्णांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. तिचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. 'बायपास' झालेल्या मधल्या रुग्णाचे वजन तीन वर्षांनंतर मूळ वजनाच्या ३१.५ टक्क्यांनी कमी झालेले होते. परंतु एक-चतुर्थांश रुग्णांची घट २४.६ टक्क्यांहून कमी होती आणि दुसऱ्या टोकाच्या एक-चतुर्थांशाची ३८.४ टक्क्यांहून अधिक. १२० किलो वजनाच्या माणसाच्या हिशेबात सांगावयाचे तर, चौघांतील एकाचे तीस किलोही उतरले नाहीत आणि चौघांतील एकाचे शेहेचाळीस किलोंहून अधिक उतरले. दोन्ही टोके पाहिली तर एका रुग्णाचे वजन ५९ टक्क्यांनी घटले होते आणि एकाचे जवळपास एका टक्क्याने वाढले होते! शस्त्रक्रियेचा प्रकार तोच होता. रंकाळ्यावरील ते दोघे गृहस्थ म्हणजे अपवाद नव्हेत. ते या नियमाचीच दोन उदाहरणे होत.

टक्क्यांचा हिशेब

या नैसर्गिक तफावतीत माणसाने केलेल्या हिशेबाची आणखी भर पडते. रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत आणि जाहिरातींत 'सत्तर टक्के वजन घटते' अशासारखी विधाने आढळतात. सामान्य वाचक त्याचा अर्थ शंभर किलोंचा माणूस तीस किलोंचा होतो असा घेत नाही, एवढा त्याच्या व्यवहारज्ञानावर विश्वास ठेवता येईल. परंतु मग या टक्क्यांचा अर्थ काय, हेही त्याला कोणी सांगत नाही. बहुधा ही टक्केवारी एकूण वजनाची नसते. ती 'जादा' वजनाची असते. उंचीच्या मानाने जेवढे वजन योग्य मानले जाते, त्याच्या वर असलेले वजन ते जादा.

या मापाने काय घडते, हे कोणत्याही शाळेच्या फळ्यावर सोडवून पाहता येईल. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे योग्य वजन ६४ किलो धरू. अशा एका व्यक्तीचे वजन ९० किलो आहे. म्हणजे २६ किलो जादा. त्याच उंचीच्या दुसऱ्या व्यक्तीचे वजन १५० किलो आहे. म्हणजे ८६ किलो जादा. शस्त्रक्रियेनंतर दोघांचेही मूळ वजन ३० टक्क्यांनी उतरले. पहिल्याचे २७ किलो गेले, दुसऱ्याचे ४५. जादा वजनाच्या भाषेत पहिल्याचा निकाल १०४ टक्के आणि दुसऱ्याचा जेमतेम ५२ टक्के! दोघांच्या देहांनी शस्त्रक्रियेला दिलेला प्रतिसाद तंतोतंत सारखा, किंबहुना दुसऱ्याने अठरा किलो अधिक गमावले. तरी एक प्रथम वर्गात आणि दुसरा काठावर उत्तीर्ण. गुणपत्रिकेचा कस जाणणाऱ्या शिक्षकांस यातील अन्याय विशद करून सांगावयास नको.

दुसरा घोळ काळाचा. शस्त्रक्रियेनंतर वजन सर्वांत कमी असते ते पहिल्या एक-दोन वर्षांत. स्वीडनमध्ये १९८७ पासून झालेल्या आणि या विषयात आधारभूत मानल्या जाणाऱ्या पाहणीत 'बायपास'च्या रुग्णांची सरासरी घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के होती. दहा वर्षांनी ती २५ टक्के राहिली. म्हणजे काही वजन परत येणे हा या शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या प्रवासाचाच भाग आहे. 'स्लीव्ह' व 'बायपास' यांची तुलना करणाऱ्या फिनलंडमधील २४० रुग्णांच्या पाहणीतही तेच दिसले. पाच वर्षांनी जादा वजनातील घट अनुक्रमे ४९ व ५७ टक्के होती. दहा वर्षांनी ती सुमारे ४४ व ५२ टक्क्यांवर आली. परंतु जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर' अशी जी दोन छायाचित्रे असतात, त्यांतील 'नंतर'चे छायाचित्र दहाव्या वर्षी काढलेले सहसा नसते. पाचव्या वर्षी आठ किलो परत आलेला रुग्ण त्या छायाचित्राशी स्वतःला ताडून पाहतो आणि आपलेच काही तरी चुकले असे धरून चालतो. त्याचे काहीही चुकलेले नसण्याचा संभव मोठा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वस्ताद जे जाणतो

देहादेहांतील फरकाची जाण कोल्हापूरकरांस नवी नाही. या नगरीत ती पिढ्यान् पिढ्या तालमींतून नांदत आली आहे. गंगावेश असो वा मोतीबाग, एकाच तालमीत राहणारे, एकाच वस्तादाच्या नजरेखाली पहाटे उठून जोर-बैठका मारणारे, एकसारखे दूध, तूप व थंडाई रिचविणारे दोन पोरगे घ्या. वर्षाअखेर एकाची छाती भरते, मांड्या खांबासारख्या होतात. दुसरा काटकच राहतो. 'याच्या अंगी खुराक लागत नाही' असे वस्ताद म्हणतो आणि त्या पोराला वेगळे डाव शिकवितो. त्याने खुराक चोरून टाकून दिला असेल, असा आरोप तो करीत नाही. हाडापेराची, अंगलटीची घडण निराळी असते हे त्याला लाल मातीने शिकविलेले असते. मात्र तीच घडण उलट दिशेने दिसू लागली, म्हणजे वजन चढण्याऐवजी उतरत नाही असे आढळले, की आपल्यातील वस्ताद लोपतो आणि फिर्यादी जागा होतो.

वस्तादाच्या या अनुभवाला प्रयोगशाळेनेही दुजोरा दिला आहे. कॅनडातील क्लोद बुशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांच्या अवधीत ८४ दिवस, दररोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी अधिक अन्न देण्यात आले. सर्वांवर देखरेख सारखी आणि जादा अन्नाचे मापही सारखे होते. सरासरी वजनवाढ ८.१ किलो झाली. परंतु कोणाचे ४.३ किलोच वाढले तर कोणाचे १३.३ किलो. विशेष असे की, एकाच जोडीतील दोघा भावांची वाढ पुष्कळशी सारखी होती. फरक होता तो जोडी-जोडीत. जादा अन्नाचे काय करावयाचे, हे बऱ्याच अंशी देह जन्मतःच ठरवून आलेला असतो, असा याचा अर्थ.

उतरणीच्या प्रवासातही हेच घडते असे पुढे दिसून आले. 'बायपास' झालेल्या रुग्णांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रक्ताच्या नात्यातील व्यक्तींचे निकाल एकमेकांच्या जवळ आढळले. उलट, रक्ताचे नाते नसलेल्या परंतु एका घरात राहणाऱ्या व्यक्तींचे निकाल अनोळखी माणसांइतकेच भिन्न होते. एका चुलीवरचे अन्न खाऊनही पतिपत्नींचे निकाल निराळे, आणि वेगवेगळ्या घरांत नांदणाऱ्या बहिणींचे सारखे, असे घडू शकते. यावर आणखी वय, आरंभीचे वजन आणि मधुमेहाची मुदत यांचा प्रभाव असतो. इन्शुलिन, स्टिरॉइड आणि काही मानसिक आजारांवरील औषधे वजनाची उतरण रोखून धरतात. शिरोलीच्या फाउंड्रीत आलटूनपालटून रात्रपाळी करणारा कामगार आणि ठरावीक वेळी जेवून ठरावीक वेळी निजणारा कारकून यांचे देहही एका घड्याळावर चालत नाहीत. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याला 'रोज पाच किलोमीटर चाला' हा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळणे सोपे नाही.

पथ्याचे महत्त्व आणि दोषारोप

यावर एक आक्षेप साहजिकच घेतला जाईल. सारेच जर देहाच्या घडणीवर सोपविले, तर मग पथ्याला आणि निग्रहाला अर्थ काय उरला? शस्त्रक्रियेनंतरही उसाचा रस, गोड चहा आणि सरबते घेत राहणाऱ्याचे वजन कसे उतरावे? हा आक्षेप बिनतोड नसला तरी पोकळही नाही. पातळ गोड पदार्थ लहान केलेल्या जठरातूनही सहज निसटून जातात. प्रथिने आधी, घास लहान, चर्वण पुरेसे, चालणे नित्याचे, ही पथ्ये पाळणाऱ्यास लाभ अधिक होतो. मद्य तर 'बायपास'नंतर रक्तात लवकर आणि अधिक चढते. तेव्हा त्याबाबत सावधगिरी अत्यावश्यक ठरते. रुग्णाची जबाबदारी कोणीही नाकारलेली नाही.

परंतु जबाबदारी आणि दोष या दोन भिन्न गोष्टी होत. पाऊस कमी झाला म्हणून शेतकऱ्याची मशागतीची जबाबदारी संपत नाही. पण पीक कमी आले म्हणून त्याने मशागतच केली नाही, असा निवाडा देणेही न्यायाचे ठरत नाही. पथ्य पाळणाऱ्या दोघांत एकाचे अठ्ठेचाळीस किलो जातात आणि एकाचे अठ्ठावीस. कमी घट झालेल्याच्या ताटाकडे संशयाने पाहण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. 'प्रत्येकाची प्रकृती वेगळी' हे वाक्य शल्यचिकित्सकाच्या किंवा रुग्णालयाच्या हाती आयती ढाल होऊन बसता कामा नये. शस्त्रक्रियेतील कौशल्याचा, जठराची नळी किती रुंद ठेवली याचा, आणि रुग्णाची निवड कितपत विचारपूर्वक केली याचाही निकालावर परिणाम होतो. वजन अपेक्षेहून कमी उतरले, अथवा झपाट्याने परत येऊ लागले, तर त्यामागे शरीररचनेतील बदल आहे, एखादे औषध आहे, की मनाची व्यथा आहे, याचा शोध घेणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. प्रकृतिभेदाचे तत्त्व रुग्णाची दोषातून मुक्तता करते. चिकित्सकाची कर्तव्यातून नव्हे.

काट्याला जे दिसत नाही

मुळात वजनाचा काटा हा या शस्त्रक्रियेचा एकमेव परीक्षक मानणेच चुकीचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र वैद्यकविश्वात गाजले. उंची व वजन यांचे गुणोत्तर, म्हणजे ज्याला 'बीएमआय' म्हणतात ते, दोघांचेही नेमके २२.३ होते. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून किती 'स्थूल' असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ 'बीएमआय' इतकी खाली मानली जाते. काट्यावरचा एकच आकडा दोन देहांत दोन अर्थ घेऊन येतो.

शस्त्रक्रियेच्या लाभाचेही तसेच आहे. स्वीडनमधील ज्या पाहणीचा वर उल्लेख आला, तीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनेच्या गटाहून सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले. हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाणही घटले. आणि आश्चर्य म्हणजे, हा लाभ वजन किती उतरले याच्याशी थेट निगडित नव्हता. ज्यांचे वजन थोडे उतरले तेही त्याचे वाटेकरी होते. मधुमेहात तर अनेकांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारते. वीस किलोंवर अडलेल्या ज्या गृहस्थाची रंकाळ्यावर कीव केली जाते, त्याचे इन्शुलिन सुटले असेल, रात्री श्वास कोंडणे थांबले असेल, तिसऱ्या मजल्यावरील कचेरीत तो न थांबता चढून जात असेल, तर त्याची शस्त्रक्रिया फसली असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

लाजेचे दुष्परिणाम

येथे त्या आरंभीच्या वाक्याकडे परत येणे आवश्यक आहे. कमी वजन उतरलेला माणूस डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतो. 'इतके सांगूनही तुम्ही पथ्य पाळले नाही' हे वाक्य त्याला पुन्हा ऐकावयाचे नसते. परंतु शस्त्रक्रियेनंतरची तपासणी केवळ वजनासाठी नसते. लहान झालेल्या आणि वळविलेल्या अन्नमार्गातून लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि 'बी-१२' जीवनसत्त्व पुरेसे शोषले जात नाही. ही पूरक औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. आपल्याकडे शाकाहारी घरांत 'बी-१२'ची उणीव मुळातच पुष्कळ आढळते. शस्त्रक्रियेने ती अधिक गडद होते. दुर्लक्ष झाले तर हातापायांस मुंग्या, तोल जाणे, विस्मरण अशा मज्जासंस्थेच्या तक्रारी उद्भवतात, आणि फार उशीर झाल्यास त्यांतील काही भरून येत नाहीत. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात 'बी-१' जीवनसत्त्वाच्या अभावी काही आठवड्यांतच गंभीर इजा होऊ शकते. तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो. तोही नियमित भेटीतच मिळतो.

म्हणजे ज्याचे वजन कमी उतरले त्याला तपासणीची गरज इतरांपेक्षा कमी नसते, उलट अधिकच असते. आणि लाजेपायी नेमका तोच दूर राहतो. थट्टेखातर विचारलेला एक प्रश्न असा एखाद्याच्या मज्जातंतूंपर्यंत जाऊन पोहोचतो.

नव्याने आलेल्या औषधांमुळे हा प्रश्न मिटेल, असे काहींना वाटते. भारतात २०२५ साली वजन घटविणारी टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने बाजारात आली. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु तफावतीचा नियम त्यांनाही लागू आहे. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी घट सुमारे १५ टक्के होती. तरी दर सात रुग्णांपैकी साधारण एकाची घट पाच टक्क्यांपर्यंतही पोहोचली नाही. औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. साधन बदलले, देहांची विविधता कायम राहिली. शस्त्रक्रियेच्या बाबतीत आपण जो धडा शिकणार नाही, तो इंजेक्शनांच्या बाबतीत पुन्हा गिरवावा लागेल.

करावयाचे ते काय?

पहिली अपेक्षा शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून आहे. रुग्णास केवळ सरासरी आणि सर्वोत्तम निकाल न सांगता त्यांचा संपूर्ण पल्ला सांगितला जावा. तोही मूळ वजनाच्या टक्केवारीत, किलोंत, मराठीत आणि लेखी. पहिल्या वर्षाबरोबर पाचव्या वर्षाचा आकडाही सांगावा. खरे सांगितल्याने गरजू रुग्ण बिचकून परत जातील, ही भीती अनाठायी आहे. आयुष्य वाढते आणि मधुमेह आटोक्यात येतो, हे सत्य पुरेसे आकर्षक आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड द्यावयास नको. कर्ज काढून, दागिने मोडून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या कुटुंबाला आपण काय विकत घेत आहोत हे जाणण्याचा अधिकार आहे.

दुसरी अपेक्षा पाठपुराव्याविषयी आहे. पुण्या-मुंबईस शस्त्रक्रिया करून आलेल्या कागल, गारगोटी वा गडहिंग्लजच्या रुग्णाने दर काही महिन्यांनी तेथवर जाणे परवडणारे नाही. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, केव्हा कोणती तपासणी करावयाची आणि कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करावयाचे नाही, याचे लेखी पत्रक दिले गेले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात, शस्त्रक्रिया कोठेही झालेली असली तरी अशा रुग्णांची पुढील तपासणी, आहाराचा सल्ला आणि मानसिक आधार एका छताखाली मिळावा. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. आठवड्यातील एक ठरावीक दिवस, एक आहारतज्ज्ञ आणि एक नोंदवही यांनीही आरंभ होऊ शकेल.

तिसरी अपेक्षा शासनाकडून आणि विमा कंपन्यांकडून आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार 'बीएमआय' ४० वा त्याहून अधिक, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ वा अधिक असलेल्या प्रौढांस या शस्त्रक्रियेचे विमा संरक्षण मिळू शकते. हे स्वागतार्हच होते. परंतु आजीवन तपासण्यांचा आणि पूरक औषधांचा खर्च हाही उपचाराचाच भाग समजला जावा. स्वीडनने २००७ पासून अशा शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंद ठेवली आहे. कोणत्या रुग्णालयात काय घडते, किती वर्षांनी काय उरते, हे तेथे आकड्यांनी कळते. प्रत्येक शस्त्रक्रियेची अशी सक्तीची नोंद आपल्याकडे झाली, तर भारतीय देहांचे भारतीय निकाल हाती येतील आणि परदेशी सरासरीवर विसंबून राहावे लागणार नाही.

शेवटची अपेक्षा समाजाकडून आहे आणि तिला एक पैसाही खर्च नाही. जेवणावळीत 'आणखी एक वाटी रस्सा घ्या' असा आग्रह करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी 'उतरलं किती?' असे विचारावयाचे, हा दुटप्पीपणा सोडून द्यावा. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ज्याने ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे असा सहकारी वा मित्र भेटेल, त्याला विचारावयाचेच असेल तर प्रकृती कशी आहे हे विचारावे. शेवटची तपासणी केव्हा झाली हेही आपुलकीने विचारावे. त्याच्या वजनाचा आकडा हा त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. खुराक अंगी न लागलेल्या पोराला वस्ताद तालमीबाहेर घालवीत नाही. वजन कमी उतरलेल्या माणसाला तेवढीच वागणूक मिळाली, तर तो रंकाळ्यावर पुन्हा फिरावयास येईल, आणि डॉक्टरांच्या दारीही वेळेवर जाईल.